कचरा कोण ठरवतो?

'विस्मृती' हा शब्द आम्ही साहित्यातली माणसे हळहळल्यावाचून उच्चारत नाही. संगणकात मात्र विसरणे हे रोजचे काम आहे. जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेवरील १९६० च्या निबंधात मांडलेली 'गार्बेज कलेक्शन'ची पद्धत आज ब्राउझरमध्येही चालते. तिची कसोटी विलक्षण कोरडी आहे. वस्तू उपयोगी आहे का, हे ती विचारतच नाही. मुळापासून धाग्याधाग्याने तिथवर पोहोचता येते का, एवढेच पाहते. पोहोचता आले तर वस्तू राहिली, नाही तर कचरा.

हे आम्हांस कळले ते व्यवहारातून. स्वामित्वहक्क संपलेल्या नियतकालिकांचे स्कॅन केलेले अंक आम्ही काही मित्र वेबटॉरेंटने एकमेकांस देतो. मधे फाइलींचे कोठार नाही. ज्याचा टॅब उघडा, तो दाता. चाळीस अंक, प्रत्येकी साधारण ६० मेगाबाइट, म्हणजे २.४ गिगाबाइट. एवढे सगळे रॅममध्ये धरले की जुना लॅपटॉप दम सोडतो, टॅब कोसळतो आणि दाताच नाहीसा होतो.

म्हणून तुकडे इंडेक्स्डडीबीत, म्हणजे डिस्कवर, ठेवायचे. मागणी आली की तेवढाच तुकडा वर आणायचा आणि पाठवून झाल्यावर सोडून द्यायचा. कठीण आहे ते हे सोडणे. पाठवलेल्या तुकड्यांच्या यादीत नुसता क्रमांक ठेवला तर चार बाइट; तुकडाच अडकवला तर यादी असेतो तो हलत नाही. डिस्कचाही भरवसा बेताचाच. जागेची टंचाई झाली की ब्राउझर एखाद्या संकेतस्थळाचा सगळा साठा पुसू शकतो.

मग टाकायचे काय? प्रचलित नियम असा, की जे बरेच दिवस कोणी मागितले नाही ते आधी बाहेर. (आमची अभ्यासमंडळे हा नियम संगणकाविनाच पाळतात.) ब्रॅम कोहेन यांच्या २००१ च्या बिटटॉरेंटमध्ये निराळी रीत आहे: जो तुकडा थोड्यांकडे आहे तो आधी घ्या. आम्ही तीच टाकताना उलटी लावली. जे सर्वांकडे आहे ते आधी सोडायचे. एका मित्रास हे पटत नाही. वाचले जाते तेच जपावे, असे तो म्हणतो, आणि जागा अपुरी असताना त्याचे म्हणणे अगदीच वावगे नाही.

मुखपृष्ठ फाटलेला एक अंक आम्ही तरीही धरून आहोत. वर्षभरात तो कोणी मागितलेला नाही. तो ज्यांच्याकडे आहे असे दोनच टॅब उघडे दिसतात. त्यांतला एक आमचा.