बिनविरजणाची बिअर

ब्रुसेल्सला गेलेली आपली मंडळी ग्रँड प्लासचा चौक पाहतात, त्या चिमुकल्या नागड्या पोराच्या कारंज्यापुढे फोटो काढून घेतात आणि चॉकलेटचे पुडे घेऊन परततात. मिदी स्टेशनपासून दहा मिनिटांच्या वाटेवर, अँडरलेख्ट भागात, काँतियों नावाचा बिअरचा जुना कारखाना आहे. तिकडे सहसा कुणी फिरकत नाही. घराण्याने तो 1900 साली सुरू केला आणि 1978 पासून तो संग्रहालय म्हणूनही लोकांना दाखवतात. सात्त्विक वाचकांनी पुढचा मजकूर पाककृती समजून वाचायला हरकत नाही.

कारण गंमत आहे ती विरजणाची. दही लावायचे तर कवडीभर विरजण लागते; बिअरला तसेच यीस्ट लागते. इथे मात्र ते कुणी घालतच नाही! मोड आणून वाळवलेले सातू दोन वाटे आणि कच्चा गहू एक वाटा, यांचा काढा तीनेक वर्षे जुन्या हॉप्सबरोबर उकळायचा. हॉप्स मुद्दाम जुने घेतात. त्यांचा कडूपणा गेलेला असतो, टिकवण्याचा गुण राहिलेला असतो. मग तो कढत काढा माळ्यावरच्या तांब्याच्या प्रचंड, उथळ परातीत ओतायचा, झडपा उघडायच्या आणि रात्रभर तसाच ठेवायचा. वाऱ्यातले आणि जुन्या वास्तूतले सूक्ष्मजंतू आपसूक त्यात उतरतात. सकाळी सगळे लाकडी पिंपांत भरले, की पुढे एक ते तीन वर्षे वाट पाहायची. पिंपांभोवती कोळ्यांची जाळी पाहून माझे हात केरसुणीसाठी शिवशिवले. पण ती मुद्दाम ठेवलेली असतात. माश्यांचा बंदोबस्त कोळीच करतात.

शेवटी पेले आले. पहिली निव्वळ लँबिक, मातीच्या सुरईतून ओतलेली. फेस नाही, बुडबुडे नाहीत. ह्यांनी एक घोट घेतला, डोळे मिटले आणि पेला हळूच माझ्याकडे सरकवला. आंबट तर होतीच. पण आंबट म्हणजे नासलेले नव्हे, हे आपल्या स्वयंपाकघरात वेगळे सांगावे लागत नाही. ताकाचा आंबटपणा जिभेवर पसरतो. शिरक्याचा नाकात चढतो आणि घसा खरवडतो. ही बिअर पारखायची ती याच खुणेवर. शिरक्याची झाक किंचित असली तर धार येते, जास्त झाली तर पिंप बिघडले म्हणायचे. वास मात्र चमत्कारिक: जुने चामडे, ओलसर घोंगडी, तबेल्यातले गवत. ही करणी ब्रेटानोमायसिस नावाच्या रानटी यीस्टची. पहिल्या हुंगण्यात नको वाटते. तिसऱ्यात त्याच्यामागून लिंबाच्या सालीचा वास येऊ लागतो.

दुसरी ग्यूझ. एक, दोन आणि तीन वर्षांची लँबिक मिसळून ती बाटलीत भरतात. कोवळ्या लँबिकमध्ये उरलेली साखर बाटलीत पुन्हा आंबते आणि फेस धरते. माझ्या मते तिघींत हीच सरस. दात आंबतात, पण घोट गिळल्यावर तोंड स्वच्छ होते आणि दुसरा घ्यावासा वाटतो. क्रीक ही आंबट चेरी भिजवलेली. रंग माणकासारखा, पण चेरीच्या पुढे लँबिकला बोलायला फारशी जागा उरत नाही. ह्यांना तीच आवडली.

या बिअरला खरी काळजी आहे ती थंडीची. परातीतला काढा एका रात्रीत नेमका निवायला हवा. रात्र उबदार असली तर भलतेच जंतू माजतात. म्हणून हे काम फक्त हिवाळ्यात चालते, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मानाने आता तेवढ्या थंड रात्री कमी मिळतात. 2015 च्या नोव्हेंबरमध्ये रात्री इतक्या उबदार राहिल्या, की काँतियोंला काम थांबवावे लागले. इतर बिअरवाले यंत्राने थंडावा आणतील. इथे यंत्र लावले तर विरजण कोण लावणार? शिवाय ग्यूझला तीन निरनिराळ्या हिवाळ्यांची पिंपे लागतात. एक हिवाळा हुकला, तर त्याची उणीव तीन वर्षांनंतरच्या बाटलीतही राहते.

निघताना ग्यूझची एक बाटली घेतली. तळघरात नीट ठेवली तर ती वीस वर्षेही टिकते, असे तिथे सांगितले.