पाणी ओसरल्यानंतरचे पंधरा दिवस

विश्वामित्री नदी चढू लागली की सगळं बडोदं एकच विचारतं, काळाघोड्याच्या पुलापाशी किती फूट? ऑगस्ट २०२४च्या अखेरीस ती ३५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी २६. आजवा तलावातून पाणी सोडलं का, मगर कुठल्या सोसायटीत शिरली, याची खबर घेत शहर रात्रभर जागं असतं. तेव्हा निरोप पोचवणं सोपं जातं.

आम्हा आरोग्याचे निरोप लिहिणाऱ्यांचा कस लागतो तो पाणी ओसरल्यावर. घरोघरी चिखल उपसणं चालू असतं, गाद्या उन्हात पडलेल्या असतात. लेप्टोस्पायरोसिसचा ताप पुराच्या पाण्यात उतरल्यावर बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांनी येतो. तोवर घर धुऊन झालेलं असतं आणि हा ताप त्या चिखलातून आला असेल, हे कुणाच्या मनातही येत नाही. म्हणून ‘स्वच्छता राखा’ असलं मोघम वाक्य मी लिहीत नाही. वीस लिटर पाण्याला अर्ध्या ग्रॅमची क्लोरिनची एक गोळी, अर्धा तास थांबा, मग प्या. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका. माणसाच्या हाताला काम देणारा निरोपच टिकतो.

दांडिया बाजारातल्या आजींना हे मराठीत सांगून भागतं. वारसियातली सिंधी घरं, तांदळजातली मुस्लिम वस्ती, मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत खोली करून राहणारे परप्रांतीय कामगार, इथे भाषेइतकाच सांगणारा माणूसही बदलावा लागतो. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत जहांगीरपुऱ्यातल्या मशिदीत खाटा लागल्या, अटलादऱ्याच्या स्वामिनारायण मंदिराच्या आवारातही रुग्णांची सोय झाली. उपचारांची धास्ती घालवायला त्या ओळखीच्या जागांनी जे केलं, ते आमच्या फलकांना जमलं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

अशी ओळख संकटात होत नाही. नदी आटलेली असते त्या मे महिन्यातच आशाताई, मौलवी, मुकादम, सोसायटीचे सेक्रेटरी यांच्याकडे जाऊन बसावं लागतं. मजकूर त्यांच्यापैकीच कुणाकडून मोठ्यानं वाचून घ्यायचा. वाचणारा जिथे अडखळेल, ते वाक्य बदलायचं.

तुम्हालाही एक विनंती आहे. पुराच्या पाण्यातून चालला असाल आणि पुढच्या काही आठवड्यांत ताप आला, तर अंगावर काढू नका. लगेच डॉक्टरांकडे जा आणि त्यांनी विचारलं नाही तरी ‘मी त्या पाण्यात उतरलो होतो’ हे आधी सांगा.