पिठाचे म्हणणे

गेल्या वर्षी आमच्या घरात मधुमेह आला. डॉक्टरांनी पोळीऐवजी ज्वारीची भाकरी सुचवली, आणि वीस वर्षे मराठी साहित्य शिकवणाऱ्या आम्हा पतिपत्नींच्या ध्यानात आले, की ज्वारीच्या वऱ्हाडात जन्मूनही दोघांनाही भाकरी नीट थापता येत नाही. शिवाय ज्याला पथ्य, त्याचा स्वयंपाकघराशी संबंध चहापुरताच.

सवयीने आम्ही पुस्तकांकडे वळलो. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र' १९१० चे, कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० ची. 'रुचिरा'ने वाटी-चमच्याची मापे देऊन कितीतरी नवख्यांना सावरले. परंतु पीठ किती मळले म्हणजे भाकरी फाटत नाही, हे कोणत्या वाटीने मोजावे?

अखेर दिवाळीच्या सुटीत अमरावतीहून अकोल्याला मावशींकडे गेलो आणि परातीपुढे बसलो. गव्हाचा चिकटपणा ज्वारीत नसतो. कढत पाण्याने पिठातला स्टार्च फुलतो, तेव्हा कुठे पीठ बांधले जाते. मावशींनी हे एवढ्यातच सांगितले : "पुस्तकात काय पायता बाप्पा? पीठ काय म्हनते, थे हातानं पाहा!"

असे हाताने शिकल्याने प्रकृती खरोखर सुधारते काय? ऑस्ट्रेलियातील एडिथ कोवन विद्यापीठाने सात आठवड्यांच्या स्वयंपाकवर्गाचा अभ्यास करून २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. शिकणाऱ्यांचा आत्मविश्वास वाढला, मनःस्वास्थ्य सुधारले आणि सहा महिन्यांनंतरही ते टिकले. नवल असे, की त्यांनी सांगितलेल्या आहारात मात्र बदल नव्हता. आरंभी मागे असलेले पुरुष अखेरीस आत्मविश्वासात स्त्रियांच्या बरोबरीला आले होते.

आमचा अनुभव याच वाटेचा. साखर थोडी उतरली. पण त्याच सुमारास सकाळचे चालणेही सुरू झाले होते, त्यामुळे सारे श्रेय भाकरीला देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. बदलले ते वेगळेच. पूर्वी पथ्य एकाचे आणि त्याचे कष्ट दुसरीचे, अशी आमची वाटणी होती, आणि त्या वाटणीतून धुसफुसही होई. आता आठवड्यातून तीन दिवस ज्याचे पथ्य तोच परात पुढे ओढतो. कडा अजून चिरतात. तरीही पथ्य ही शिक्षा वाटेनाशी झाली आहे.

परवा मावशींना फोन केला. साखरेचा आकडा त्यांनी विचारलाच नाही. म्हणाल्या, "फुगते काय भाकर?"