कापडाचें पुस्तक

ज्यांत एकहि अक्षर नाहीं त्यास पुस्तक म्हणावें कीं नाहीं, असा प्रश्न आमच्या वरच्या इयत्तांतील विद्यार्थी खात्रीनें विचारतील. आम्हांस वाटतें, अवश्य म्हणावें. तें उघडतां येतें, मिटतां येतें, आणि त्याच्या प्रत्येक पानावर वाचकाकरितां कांहीं ना कांहीं काम ठेविलेलें असतें. वाचकाचें वय मात्र दीड वर्षाचें असतें, व पुस्तक हातीं पडतांच तो प्रथम त्याचा कोपरा चावून पाहतो. कागद ह्या परीक्षेस उतरत नाहीं. म्हणून तें कापडाचें करावयाचें.

कल्पना नवी नाहीं. लंडन येथील डीन नांवाच्या कंपनीनें १९०३ सालापासून लहान मुलांकरितां कापडावर छापलेलीं पुस्तकें काढिलीं. मारिया मॉंटेसरी ह्यांनीं १९०७ सालीं रोम शहरांतील सान लोरेन्झो ह्या गरीब वस्तींत आपलें बालगृह उघडलें. त्यांच्या साधनांत लांकडी चौकटींवर कापडाचे दोन पल्ले बसविलेले असतात. एका चौकटीवर बटणें, दुसरीवर हूक, तिसरीवर नाड्या. मूल तीं सोडतें व पुन्हां लावतें. आपल्या महाराष्ट्रांत ताराबाई मोडक ह्यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें काम सुरू केलें, तेव्हां महाग साधनांऐवजीं खेड्यांत मिळणाऱ्या वस्तूंवर भर दिला. आम्ही ज्या पुस्तकाविषयीं लिहीत आहों तें म्हणजे ह्या चौकटीच, पण घरच्या चिंध्यांतून शिवून एकत्र बांधिलेल्या.

आमच्या थोरल्या बंधूंची नात नाताळांत पुण्याहून येणार होती. तिच्याकरितां असें पुस्तक शिवावें असें वहिनींच्या मनांत आलें. आणि शिक्षकास रिकामा वेळ पुष्कळ असतो अशी सार्वत्रिक समजूत असल्यामुळें त्या कामीं दिराची नेमणूक झाली. मांजरपाट बाजारांतून आणिला. चित्रांकरितां रंगीत तुकडे हवे होते. वहिनी म्हणाल्या, "भावजी, आईंच्या पेटींत लुगडीं नुसतीं पडून आहेत. त्यांतलें एक घेऊं या." बंधू जेवतां जेवतां थांबले. "आईच्या वस्तूला कात्री लागणार नाहीं," इतकेंच ते म्हणाले आणि पानावरून उठले.

आई जाऊन तेव्हां दोन वर्षें झालीं होतीं. हयात असतां तिनें एकहि जुनें लुगडें वांया जाऊं दिलें नाहीं. लुगड्याची गोधडी होई, गोधडीचें दुपटें, आणि दुपट्याचें अखेर पायपुसणें. आम्ही सर्व भावंडें आजीच्या लुगड्यांच्या दुपट्यांतच वाढलों. परंतु बंधूंचें म्हणणेंहि सहज सोडून देण्याजोगें नव्हतें. जें कापलें तें पुन्हां जोडतां येत नाहीं, आणि पेटींत आतां चारच लुगडीं उरलीं होतीं. उलट पक्षीं, वर्षानुवर्षें मिटून ठेविलेलें कापड घडीवरच विरतें, हेंहि खरें. वहिनींनीं लुगडीं उन्हांत घातलीं तेव्हां एका इरकली लुगड्याचा पदर घडीवर फाटलेला निघाला. तो त्यांनीं मुकाट्यानें बंधूंपुढें ठेविला. दोन दिवसांनीं तो आमच्या टेबलावर होता. कोणीं ठेविला हें आम्हीं विचारिलें नाहीं.

आतां रचनेविषयीं, कारण कांहीं पालकांस असें पुस्तक करून पाहावेंसें वाटेल. मांजरपाट आधीं धुवून घ्यावा, तो आटतो. रंगीत तुकडे ओले करून पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहावे. ज्याचा रंग उतरेल तो तुकडा नको, कारण तो बाळाच्या तोंडांत जावयाचा आहे. पान वीतभर लांबरुंद व दुहेरी असावें, मध्यें जुन्या ब्लँकेटचा थर घालावा. चित्रें व बटणें पान मिटण्यापूर्वींच शिवावीं, म्हणजे गांठी आंत झांकल्या जातात. आमच्या पुस्तकांत एक डाळिंब आहे. त्याची साल उघडली कीं आंत लाल दोऱ्यानें भरलेले दाणे दिसतात. गोठ्याच्या दारास चेन आहे व आंत गाय आहे. एका मुलीची लोंकरीची वेणी आहे, ती कितीहि वेळां घालावी व सोडावी. पदराचा खिसा केला आहे, त्यांत एक रुमाल.

तीन वर्षांखालील मुलांस मोठें भय आहे तें सुटलेली बारीक वस्तु घशांत अडकण्याचें. मणी, टिकल्या, घुंगरूं हीं कितीहि शोभिवंत असलीं तरी वर्ज्य समजावीं. बटण मोठें घ्यावें, पानाच्या मागें कापडाची चकती देऊन दुहेरी दोऱ्यानें शिवावें, आणि आपल्या सर्व जोरानें ओढून पाहावें. प्रत्येक धुण्यानंतर पुन्हां ओढावें. नाडी वीतभरापेक्षां लांब नसावी, म्हणजे ती गळ्याभोंवतीं बसणार नाहीं. व्हेल्क्रोची पट्टी आम्हीं एकाच ठिकाणीं लाविली. जॉर्ज द मेस्ट्राल नांवाच्या स्विस गृहस्थांस ती १९४१ सालीं, कुत्र्याच्या केंसांस चिकटलेल्या रानबिया पाहून सुचली. तिचा चर्र आवाज मुलांस फार आवडतो. पण ती नुसत्या हिसड्यानें सुटते, बोटांस तींत फारसें काम नाहीं.

एके दिवशीं मधल्या सुटींत आम्ही काजें करीत बसलों असतां नववीचीं कांहीं मुलें दारांतून हंसलीं. त्यांतील एक हंसला नाहीं. त्याचे वडील शिंपीकाम करितात. तो जवळ येऊन म्हणाला, "सर, दोऱ्याला मेण लावा, म्हणजे गुंतणार नाहीं." दुसऱ्या दिवशीं त्यानें घरून मेणाचा खडा आणिला, आणि उरलेलीं तीन काजीं त्यानेंच केलीं. हंसणारीं मुलें त्याच्या भोंवतीं उभीं होतीं, व बीजगणिताच्या तासास कधीं न दिसणारी शांतता तेथें होती.

नाताळांत नात आली. तिनें बटणाकडे ढुंकूनहि पाहिलें नाहीं. दीड वर्षाच्या बोटांस बटण लावणें साधत नाहीं. सोडणें आधीं येतें, लावणें मागाहून. तिनें खिशांतून रुमाल काढिला, पुन्हां कोंबला, पुन्हां काढिला. ह्या उद्योगांत अर्धा तास गेला. रुमालाचें टोक बाहेर राही तेव्हां घरांतील प्रत्येक मोठ्या माणसाचा हात तें आंत सारण्याकरितां पुढें होई, आणि ती तो हात बाजूस करी. हात आवरणें हें शिवण्याहून कठीण काम आहे. मोबाईलच्या कांचेवर गाय दिसते आणि डाळिंबहि दिसतें, परंतु बोटास दोन्ही सारखींच गुळगुळीत लागतात. तेथें कांहीं अडत नाहीं. कापडावर अडतें, आणि जेथें अडतें तेथेंच तें बोट शिकत असतें.

बंधू दूर खुर्चीवर वर्तमानपत्र धरून बसले होते. नात पुस्तक फरफटत त्यांच्याकडे गेली व तिनें तो रुमाल त्यांच्या हातीं दिला. त्यांनीं खिसा उघडून धरिला, पण रुमाल तिलाच परत दिला. मग त्यांनीं बराच वेळ पदराच्या कांठावरून अंगठा फिरविला.

आठवें पान आम्हीं कोरें ठेविलें होतें. त्यावर आईचा बटवा बसवावा असें आतां बंधूंनींच सुचविलें आहे. बटव्याची दोरी फार लांब आहे, ती कापावी लागेल. तें त्यांस मान्य आहे.