काठी, रीळ आणि परत सोडायचा मासा

मासेमारीच्या छंदावर इंग्रजीत जितके लिहिले गेले आहे, तितके फार थोड्या छंदांच्या वाट्याला आले असेल. या वाङ्मयाचा जरा धांडोळा घेतला तर त्यातही एक वर्णव्यवस्था असल्याचे ध्यानात येते. पिसे आणि दोरा बांधून केलेली कृत्रिम माशी पाण्यावर अलगद टेकवणारा हा तिथला उच्चकुलीन. गळाला आमिष लावून तळ चाचपणारा तो इतरेजन. नॉर्मन मॅक्लीनच्या 'अ रिव्हर रन्स थ्रू इट' (१९७६) या लघुकादंबरीत डब्यात गांडुळे घेऊन येणारा मेहुणा हा सरळसरळ कुचेष्टेचा विषय आहे. गंमत अशी, की या परंपरेचा आद्यपुरुष मानला जाणारा आयझॅक वॉल्टन हा प्रामुख्याने आमिषवालाच होता. त्याचा 'कम्प्लीट अँग्लर' १६५३ सालचा. माशीवरचा विस्तृत भाग त्यात चार्ल्स कॉटनने जोडला तो १६७६च्या आवृत्तीत. तरीही काव्य माशीवाल्यांकडे गेले आणि आमिषवाल्यांच्या पदरी दुकानांच्या सूचिपुस्तिका आल्या.

आम्ही या दुसऱ्या पंगतीतले. आमचे वास्तव्य गेली काही वर्षे वॉशिंग्टन राज्यात, स्कायकोमिश नदीपासून तासाभराच्या अंतरावर आहे. कॅस्केड पर्वतातून उतरणारी ही नदी पुढे स्नोक्वाल्मीला मिळते, तेथून स्नोहोमिश हे नाव घेते आणि एव्हरेट गावापाशी समुद्राला भेटते. उन्हाळ्यात तीत चिनूक सॅमन चढतो, शरदात कोहो. या दोहोंसाठी एकच काठी आणि एकच रीळ घ्यावे असे ठरले, तेव्हा सूचिपुस्तिका आम्ही ज्या गांभीर्याने वाचल्या, त्या गांभीर्याने अलीकडे कुठलाही कवितासंग्रह वाचलेला नाही.

कोकणात खाडीच्या काठाला गरवत बसणाऱ्याला रीळ लागत नाही. दोरी बोटावरून जाते आणि मासा काय म्हणतो ते बोटाला थेट कळते. स्कायकोमिशसारख्या रुंद, वेगवान पात्रात मात्र आमिष दूर फेकावे लागते आणि अडकलेला मासा शंभर वार दोरी ओढून नेऊ शकतो. तिथे यंत्राला पर्याय नाही. प्रश्न इतकाच, की बोट आणि दोरी यांच्यामध्ये किती यंत्र येऊ द्यायचे.

ज्याने लहानपणी पतंग उडवला आहे त्याला बेटकास्टिंग रीळ समजायला वेळ लागू नये. सर्वत्र दिसणाऱ्या स्पिनिंग रिळात दोरीची गुंडाळी स्थिर असते आणि दोरी तिच्या तोंडावरून सुटत जाते. बेटकास्टिंगमध्ये गुंडाळी स्वतःच फिरते, ढील दिल्यावर आसारी फिरते तशी. फेकलेले आमिष हवेत मंदावते, पण गुंडाळीला ती वार्ता नसते. ती गरगरतच राहते, सुटलेली दोरी आतल्या आत फुगते आणि निमिषार्धात असा गुंता होतो की इथले लोक त्याला पक्ष्याचे घरटे म्हणतात. उपाय एकच: फिरत्या गुंडाळीवर हलकेच टेकलेला अंगठा. किती हलका आणि केव्हा जड, हे सांगून समजत नाही. द्रोणाचार्यांनी नेमका अंगठाच का मागितला, याचा उलगडा आम्हांला हस्तिनापुरापासून इतक्या दूर झाला.

आधुनिक रिळांत अंगठ्याला साहाय्यक दिलेले असतात. काहींत गुंडाळीच्या वेगाने बाहेर फेकले जाऊन घासणारे छोटे ठोकळे असतात, काहींत चुंबक. शिवाय बाजूला एक कळ असते. ती इतकीच आवळायची, की काठी आडवी धरून दोरी मोकळी सोडली असता आमिष सावकाश खाली उतरावे आणि जमिनीला टेकताच गुंडाळी थांबावी. हे साहाय्यक नवशिक्याने जरूर घ्यावेत. परंतु ते पूर्ण आवळून ठेवले की फेक आखूड पडते, आणि अंगठा कधीच शिकत नाही.

मग हा खटाटोप कशासाठी? स्पिनिंग रिळात दोरी काटकोनात वळून गुंडाळीवर येते. बेटकास्टिंगमध्ये ती सरळ रेषेत येते आणि वजनदार माशाच्या ओढीला सरळ रेषेतले यंत्र अधिक ताकदीने उभे राहते. शिवाय मासा पळू लागला की ड्रॅगच्या जोडीला पुन्हा तोच अंगठा कामी येतो. प्रवाहाबरोबर तळावरून ठेचकाळत जाणाऱ्या शिशाच्या गोळीची प्रत्येक टकटकही त्याच अंगठ्याखाली उमटते. दगड कोणता आणि तोंड कोणाचे, हा भेद तिथे करावा लागतो.

या यंत्राचे कूळही विचारात घेण्याजोगे आहे. हँडलच्या एका फेऱ्यात गुंडाळीचे अनेक फेरे घडवणारे रीळ अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी केंटकीतल्या जॉर्ज स्नायडरने घडवले. तो व्यवसायाने घड्याळजी. स्वीडनमधल्या स्वँग्स्टा गावी १९२१ साली निघालेल्या ज्या कारखान्याने पुढे 'अँबॅसेडर' हे गोल रीळ जगभर नेले, त्या आबूचे मूळ नावच 'घड्याळांचा कारखाना' अशा अर्थाचे होते. दुकानात आम्ही ते गोल रीळ हातात घेतले तेव्हा ते खरोखर एखाद्या जाडजूड खिशातल्या घड्याळासारखे वाटले. शेजारी हल्लीची चपटी, हलकी रिळे मांडलेली होती. ती मुठीत अधिक चांगली बसतात. दिवसभर फेकून मनगट दुखत नाही. आम्ही तरी गोल घेतले, कारण त्यात दोनशे वार जाड दोरी आरामात मावते. थोडे मोहापायीही, हे नाकारत नाही.

हँडल कोणत्या बाजूला असावे, यावर दुकानात अर्धा तास गेला. बेटकास्टिंगची रिळे पूर्वापार उजव्या हँडलची. म्हणजे उजव्या हाताने फेकणाऱ्याने फेकल्यावर काठी डाव्या हातात घ्यायची आणि उजव्याने गुंडाळायचे. ही रूढी का पडली हे कोणी पटेल असे सांगत नाही, पण डाव्या हँडलचे रीळ मागितले की जुने लोक अजून भुवया उंचावतात. आम्ही डावे घेतले.

काठीची निवड मात्र भुवया उंचावण्यावर थांबली नाही. आमचे शेजारी सत्तरीपुढचे, लाकूडगिरणीतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे साडेआठ फुटी, बारीक, आठ ते बारा पौंडी दोरीसाठीची काठी आहे. "तुम्ही हीच घ्या," ते म्हणाले. "माशाला संधी दिली पाहिजे. जाड काठीने ओढून काढणे म्हणजे विहिरीतून बादली काढणे." बारीक साधन म्हणजे न्याय्य युद्ध, हा विचार त्यांचा एकट्याचा नाही. माशीवाल्यांच्या सगळ्या वाङ्मयाचा तो नैतिक कणा आहे आणि आमिषवाल्यांनीही तो नकळत उसना घेतला आहे.

आम्ही त्यांचा आदर करतो. पण या नदीवर तो विचार आम्हांला पटला नाही. सॅमन समुद्रातून नदीत शिरला की खाणे जवळजवळ थांबवतो. गळाला तोंड लावतो तो भुकेने नव्हे, चिडून किंवा जुन्या सवयीने. समुद्रात साठवलेल्या चरबीवर त्याने प्रवाहाविरुद्ध चढायचे, मादीने खडीत खळगा खणायचा, हजारो अंडी घालायची आणि मरायचे. त्या शिदोरीत नवी भर पडणार नसते. काठी बारीक असेल तर झुंज वीस मिनिटे चालते, आणि त्या वीस मिनिटांचा खर्च त्याच शिदोरीतून होतो. पाणी कोमट असेल तर त्यात प्राणवायू कमी. थकलेला मासा सोडल्यावर पोहत गेलेला दिसतो, आणि पुढच्या वळणापलीकडे मरतो.

आणि सोडावा तर लागतोच. प्युजेट साउंडचा रानटी चिनूक १९९९ साली संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली 'धोक्यात' म्हणून नोंदला गेला. ती नोंद आजही उठलेली नाही. पैदास केंद्रातून सोडलेल्या पिल्लांचा शेपटीअलीकडचा छोटा मांसल पर कापलेला असतो. तो पर नसेल तर मासा घरी नेता येतो, शाबूत असेल तर मासा नदीचा. रानटी सॅमन सोडताना पाण्याबाहेर पूर्ण उचलण्यासही इथे मनाई आहे. अडचण ही, की पर दिसतो तो मासा जवळ आल्यावर. काठी निवडताना आपण कोणाशी झुंजणार आहोत हे ठाऊक नसते. म्हणून निवड सोडाव्या लागणाऱ्या माशासाठीच करावी लागते.

तेव्हा आम्ही साडेनऊ फुटी, बारा ते पंचवीस पौंडी दोरीची काठी घेतली. लांबी यासाठी, की दोरी प्रवाहावर उचलून धरता यावी. शेंडा मऊ, म्हणजे माशाने झटका दिला तरी बिनकाट्याचा गळ सहजी निसटू नये. बुंध्याकडचा अर्धा भाग मात्र निबर, मासा लवकर किनाऱ्याशी आणण्यासाठी. माशाला संधी द्यायची असेल तर ती गळ लागण्यापूर्वी द्यावी, हे आम्ही शेजाऱ्यांना सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

सप्टेंबरअखेर सल्टन गावाच्या खालच्या वळणावर एक कोहो लागला. दोन-तीन धावा, एक उडी, अंगठ्याला चटका. पाचएक मिनिटांत तो गुडघाभर पाण्यात आडवा झाला. पर शाबूत होता. शेजाऱ्यांनी वाकून चिमट्याने गळ काढला आणि आम्ही त्याला प्रवाहाकडे तोंड करून धरले. कल्ले दोनदा उघडले-मिटले आणि शेपटीचा फटकारा आमच्या तोंडावर पाणी उडवून गेला.

"पाच मिनिटे," शेजारी घड्याळ पाहून म्हणाले. त्यात कौतुक होते की तक्रार, हे आम्ही विचारले नाही. त्यांची बारीक काठी अजून आहे. पिंक सॅमन या नदीत विषम सालीच मोठ्या संख्येने येतो, आणि तो जेमतेम चार पौंडांचा असतो; तेव्हा ते ती काढतात.