भाचीचा व्हिसा आणि बीकेसीचा फुटपाथ

आपण बेळगावकर मुंबईला जातो त्याची कारणं ठरलेली असतात. कुणाचं ऑपरेशन, कुणाची मुलाखत, लग्नाचा बस्ता, नाहीतर गिरण्यांच्या काळापासून परळ-लालबागला राहिलेल्या एखाद्या चुलत्याचं तेरावं. २०२४ च्या फेब्रुवारीत मी गेले ते निराळ्याच कामाला. माझ्या भाचीला तिच्या नवऱ्याच्या घरी नांदायला जायचं होतं, आणि त्याची परवानगी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीत मिळते. लग्न होऊन दोन वर्षं आणि दोन महिने झाले होते.

रात्रीची स्लीपर बस होती. ताईनं कुंद्याचे दोन डबे बरोबर दिले होते, एक मुक्कामाच्या घरी द्यायला आणि एक "काम झालं तर" म्हणून. भाचीच्या मांडीवर एक निळी फाईल होती. ती तिनं सामानात ठेवू दिली नाही, झोपतानाही उशाखाली घेतली. निपाणी मागं पडली, कोगनोळीचा टोलनाका आला आणि गाडी सहज महाराष्ट्रात शिरली. २०२१ साली याच नाक्यावर आरटीपीसीआरचा रिपोर्ट दाखवल्याशिवाय कर्नाटकात घेत नव्हते, तेव्हा आपण सगळे किती चिडलो होतो! भाची म्हणाली, "मावशी, तेव्हा एकच कागद लागायचा गं," आणि तिनं फाईल थोपटली.

तिचं लग्न २०२१ च्या डिसेंबरात बेळगावातच झालं. जावई लहानपणी आईवडिलांबरोबर न्यू जर्सीला गेलेले, तिथले नागरिक. ते जानेवारीत परत गेले आणि फेब्रुवारीत त्यांनी बायकोसाठी अर्ज भरला. अर्जाचं नाव 'पिटिशन फॉर एलियन रिलेटिव्ह'. एलियन म्हणजे सिनेमात उडत्या तबकडीतून उतरतात ते, एवढंच ताईला माहीत. शहापुरात जन्मलेली आपली पोर एलियन कशी, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही.

आम्हांला वाटलं होतं, सहा महिन्यांत होईल. भाचीनं त्या हिशेबानं नोकरी सोडली. ही पहिली चूक, आणि अशा लग्नाच्या तयारीत असलेल्या घरांनी ती करू नये म्हणून मुद्दाम सांगते. नागरिकाच्या पत्नीला वर्षाला अमुकच व्हिसा अशी मर्यादा नाही हे खरं. पण मर्यादा नाही म्हणजे रांग नाही असं नव्हे. रांगा तीन असतात, एकीतून सुटल्याशिवाय दुसरीत उभं राहता येत नाही. पहिली अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्यात: हे लग्न खरं आहे काय एवढंच तिथं तपासतात. आमचे त्यात चौदा महिने गेले. दुसरी न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथ गावच्या नॅशनल व्हिसा सेंटरची: तिथं फी, कागदपत्रं आणि नवऱ्याच्या उत्पन्नाची हमी. तिसरी मुंबईची, मुलाखतीच्या तारखेसाठी.

"मग तोवर टुरिस्ट व्हिसावर जाऊन ये की," हा सल्ला तिला निदान पन्नास जणांनी दिला असेल. तसं जमत नाही. कायमचं राहायला येण्याचा अर्ज एकीकडे चालू असताना 'मी फिरून परत येणार' हे अधिकाऱ्याला पटवणं फार अवघड. नकार मिळाला तर त्याची नोंद राहते, म्हणून आम्ही त्या वाटेला गेलोच नाही.

या चौदा महिन्यांत ती ना माहेरवाशीण होती ना सासुरवाशीण. संकष्टीला देवळात गेली की ओळखीच्या बायका विचारायच्या, "कधी जातीस गं?" शेजारच्या अज्जी कट्ट्यावरून हाक मारायच्या, "यावाग होगोदु, तंगी?" दोन्ही भाषांत प्रश्न एकच. पुढं पुढं तिनं संध्याकाळी बाहेर पडणंच सोडलं. नवऱ्याशी बोलणं व्हायचं ते आपल्या रात्री आणि त्यांच्या सकाळी, दहा तासांचा फरक सांभाळून. एकदा मी तिच्या खोलीत गेले तर फोन सुरू होता आणि दोघंही काही बोलत नव्हती. ते स्वयंपाक करत होते आणि ही बघत होती.

आता कागदांविषयी, कारण आपल्या सीमाभागातल्या घरांची खरी गोम तिथं आहे. भाचीच्या नावात एक 'त' आहे. मराठी माणूस तो इंग्रजीत नुसत्या 'टी'नं लिहितो, कन्नड रीतीत तो 'टीएच' होतो. तिच्या पासपोर्टवर 'टी', जन्मदाखल्यावर 'टीएच'. तिच्या वडिलांच्या नावातही 'त' आहे, आणि तो शाळेच्या दाखल्यावर एक तर लग्नाच्या दाखल्यावर दुसरा. घरात कुणाला याचं कधी काही वाटलं नव्हतं. आपल्या गल्लीत अर्ध्या घरांची हीच कथा. पण तिकडं बसलेल्या माणसाला 'टी'वाली आणि 'टीएच'वाली या दोन निराळ्या बायका. ताई आणि भावोजींनी 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' अशी प्रतिज्ञापत्रं नोटरीसमोर केली. एका अक्षरापायी सहा आठवडे गेले. गंमत म्हणजे ज्याची आम्हांला धास्ती होती, काही कागदांवर बेळगाव आणि काहींवर बेळगावी, त्याबद्दल कुणी एक शब्द विचारला नाही. १ नोव्हेंबर २०१४ ला नाव बदललं हे त्यांच्या दप्तरीही असणारच.

आणि आता माझी चूक. जन्मदाखला कन्नडमध्ये, शाळेचा दाखला मराठीत. दोन्हींचं इंग्रजी भाषांतर हवं. मी म्हटलं, घरात प्राध्यापक असताना बाहेर कशाला पैसे द्यायचे? भाषांतर मी केलं, आणि चांगलं केलं. पण त्याखाली भाषांतरकारानं 'मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर अचूक आहे' असं लिहून सही करायची असते. सूचनेत ते स्पष्ट लिहिलं होतं. मी वाचलं नाही. इतकी वर्षं मुलांना 'प्रश्न नीट वाचा' सांगणारी मी! कागद परत आले, आणि दुरुस्त करून पाठवले ते पुन्हा रांगेच्या शेवटी. दोन महिने गेले. भाची मला काही बोलली नाही, त्याचंच जास्त लागलं.

मुलाखतीच्या आठवडाभर आधी मुंबई गाठावी लागते, कारण नेमून दिलेल्या डॉक्टरांकडूनच तपासणी व्हावी लागते. छातीचा एक्स-रे, रक्त, राहिलेल्या लसी. मग एक दिवस बोटांचे ठसे आणि फोटो. आम्ही डोंबिवलीला नात्यातल्या एका आत्यांकडे उतरलो होतो आणि रोज लोकलनं येत होतो. भाचीला लसीनं अंग दुखत होतं, तरी ती त्या गर्दीत दोन्ही हातांनी फाईल छातीशी धरून उभी असायची.

वकिलात पूर्वी ब्रीच कँडीला समुद्राकाठच्या लिंकन हाऊसमध्ये होती, म्हणजे वांकानेरच्या महाराजांच्या जुन्या वाड्यात. २०११ च्या नोव्हेंबरात ती बीकेसीला आली. मिठी नदीच्या काठची ही सगळी पाणथळ जमीन, आता तिथं काचेच्या इमारती, बँका आणि हिऱ्यांचा बाजार. २०२४ च्या ऑक्टोबरपासून मेट्रोही तिथं जाते. आमच्या वेळी कुर्ल्याला उतरून रिक्षा. आत मोबाईल नेता येत नाही, मोठी पिशवी नेता येत नाही. ज्याची मुलाखत त्यानंच जायचं, सोबतच्यांनी बाहेर थांबायचं. बाहेर म्हणजे रस्त्यावर. पिशव्या सांभाळून पैसे घेणाऱ्यांचा तिथं धंदाच चालतो.

त्या फुटपाथवर मी साडेतीन तास काढले. अमेरिकेत कायमचं जाणाऱ्यांच्या मुलाखतींसाठी देशभरातून माणसं इथं येतात, त्यामुळं शेजारी कोण उभं असेल सांगता येत नाही. आणंदकडच्या एक बाई भेटल्या. त्यांच्या भावानं २००५ साली बहिणीसाठी केलेला अर्ज आत्ता पिकला होता. तेव्हा त्यांचा मुलगा पाळण्यात होता, आता कॉलेजात. तो आणि वडील आत होते, आणि बाईंचं काम आधीच आटोपलेलं. जालंधरचे एक सरदारजी मुलीबरोबर आले होते. जावई नागरिक नव्हते, ग्रीनकार्डवाले होते. अशा बायकांची रांग वेगळी, तिला वर्षाची मर्यादा आहे. २००० नंतरच्या दशकात त्यांना चार-पाच वर्षं थांबावं लागे. २०१९ ते २०२३ च्या सुरुवातीपर्यंत ती रांग जवळजवळ नाहीशी झाली, आणि २०२३ च्या एप्रिलपासून पुन्हा लांबली. मी आमचे दोन वर्षं दोन महिने सांगितले. सरदारजी म्हणाले, "बहुत जल्दी हो गया जी." मला काय उत्तर द्यावं कळेना. मी पिशवीतला कुंदा काढला. काम झालं की मगच फोडायचा तो डबा तिथंच, काम व्हायच्या आधी, संपला.

भाची बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा कोरा होता. मला वाटलं, काहीतरी राहिलं. मग ती म्हणाली, "पासपोर्ट ठेवून घेतला." म्हणजे झालं. काचेपलीकडच्या अधिकारीबाईंनी दहाच मिनिटं विचारलं होतं: कसे भेटलात, लग्नात तिकडचे कोण कोण होते, नवरा काय काम करतो. फोटोंचा अल्बम नेला होता, त्यातले दोन फोटो पाहिले. एवढंच? हो, एवढंच. दोन वर्षं जिच्यासाठी काढली ती गोष्ट दहा मिनिटांची होती, आणि भाचीला म्हणे शेवटी रागच आला. तिथंच फुटपाथवर बसून ती रडली, आणि मग जालंधरच्या मुलीला आत काय काय विचारतात ते समजावून सांगितलं.

पासपोर्ट पुढच्या आठवड्यात हातात आला. मी आधी नाव पाहिलं. 'त' एकाच अक्षराचा होता. शेजारी व्हिसाचा प्रकार लिहिला होता, आयआर-१. अमेरिकेत पाऊल ठेवताना लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर सीआर-१ देतात. त्यावरचं ग्रीनकार्ड दोनच वर्षांचं असतं आणि ते संपण्याआधी पुन्हा अर्ज, पुन्हा पुरावे. आमची दोन वर्षं वाट बघण्यातच भरली होती, म्हणून तिला सरळ दहा वर्षांचं कार्ड मिळालं. माझ्या चुकीचे दोन महिने असे कामी आले, असं ताई अजून म्हणते. मी तारखा मोजून पाहिल्या आहेत. ते दोन महिने नसते तरी दोन वर्षं भरतच होती.