दुसरी वही

अब्बांच्या आठवणींची नव्वद पाने मी संगणकावर उतरवली होती. एका अपडेटनंतर विंडोज वारंवार अडू लागले. 'सिस्टिम रिस्टोअर' करून पाहिले. बराच वेळ चक्र फिरले आणि रिस्टोअर पूर्ण झाले नाही, असा संदेश आला. दुसऱ्यांदाही तेच. माझे हातपाय गळाले.

सोलापूरची भाची घरी आली होती. म्हणाली, "मामू, अँटिव्हायरस आडवा येत असेल. सेफ मोडमधून करू, तिथे तो बहुधा चालत नाही." खरेच, या वेळी जमले. मी 'अल्हम्दुलिल्लाह' म्हटले. ती मात्र गंभीरच होती. "रिस्टोअर पॉइंटमध्ये विंडोजच्या फायली नि सेटिंग्ज असतात, तुमचे लेखन नसते. शिवाय तो पॉइंटही याच डिस्कवर. डिस्कच गेली असती तर?"

इतकी वर्षे मी त्याच्याच भरवशावर निर्धास्त होतो. अब्बा उधारीच्या दोन वह्या ठेवत; एक दुकानात, एक घरी. त्यांच्याविषयी लिहिताना नेमके हेच मी विसरलो होतो.

भाची परत निघाली तेव्हा तिच्या पर्समध्ये एक पेन ड्राइव्ह दिला. त्यावर अब्बांची नव्वद पाने होती.